मशीनवरच्या अन् घड्याळातल्या कॅलरी किती खऱ्या? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जळगावात मी गेली नऊ वर्षं सकाळची लेडीज बॅच घेते आणि रविवारी मेहरूण तलावावर आमचा चालायचा ग्रुप असतो, तिथं काका-काकू सगळेच येतात. रोज कोणीतरी मोबाईल नाहीतर मनगट पुढं करून विचारतं, "ताई, हाई खरं शे का?" तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण त्या एका आकड्यावर लोक आपलं जेवण ठरवतात, काही जण तर औषधसुद्धा.

मशीनवर जो आकडा येतो तो मोजलेला असतो की अंदाज असतो?

अंदाज. ट्रेडमिल असो, सायकल असो, घड्याळ असो, तुमच्या कॅलरी थेट मोजणारं त्यात काहीच नसतं.

खरी मोजणी कशी होते ते सांगते म्हणजे फरक कळेल. प्रयोगशाळेत तोंडा-नाकावर मास्क लावतात आणि तुम्ही किती ऑक्सिजन घेतला, किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते मोजतात. शरीराने एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ५ कॅलरी खर्च झाल्या असा हिशोब आहे (आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी, पण बोलताना सगळे कॅलरीच म्हणतात, मी पण तेच म्हणणार). दुसरी पद्धत म्हणजे एक खास पाणी प्यायला देतात, त्यातला हायड्रोजन अन् ऑक्सिजन थोडा जड प्रकारचा असतो, आणि मग एक-दोन आठवडे लघवी तपासून माणसाने एवढ्या दिवसांत एकूण किती ऊर्जा खर्च केली ते काढतात. ही पद्धत सगळ्यात भरवशाची मानतात पण महाग आहे आणि आजच्या चाळीस मिनिटांत किती गेल्या हे ती सांगू शकत नाही.

आता सांगा, जिममधल्या मशीनला यातलं काय माहिती असतं? पट्टा किती वेगाने फिरतोय, चढ किती दिलाय आणि झालंच तर तुम्ही टाकलेलं वजन. बस एवढंच.

मग ट्रेडमिल आकडा काढतं कुठून?

फॉर्म्युल्यातून. चालण्यासाठी बऱ्याच ठिकाणी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं समीकरण वापरतात. मिनिटाला जितके मीटर चाललात त्याला ०.१ ने गुणायचं, चढ असेल तर वेग गुणिले चढ गुणिले १.८ त्यात मिळवायचं, आणि वरून ३.५ मिळवायचे. हे ३.५ म्हणजे नुसतं बसून राहिलं तरी शरीराला दर किलोमागे दर मिनिटाला लागतो तेवढा ऑक्सिजन, मिलीलिटरमध्ये.

करूनच बघू. ७० किलोचा माणूस, तासाला ६ किलोमीटर, सपाट पट्टा, म्हणजे मिनिटाला १०० मीटर. १० अधिक ३.५ म्हणजे १३.५. गुणिले ७० किलो, ९४५ मिलीलिटर ऑक्सिजन मिनिटाला, म्हणजे ४.७ कॅलरी. अर्ध्या तासाच्या झाल्या साधारण १४०.

यात एक गोष्ट बहुतेक जणांच्या लक्षात येत नाही ती अशी की या १४० मधल्या ३५-३७ तर तुम्ही सोफ्यावर बसून सिरियल बघितली असती तरी गेल्याच असत्या. चालण्यामुळे *जास्तीच्या* गेल्या फक्त १०५. मशीन एकूण दाखवतं आणि आपण ते सगळं व्यायामाच्या खात्यावर जमा करतो.

घरी साधा हिशोब करायचा असेल तर?

वरच्याच समीकरणातून निघतो, अगदी सोपा आहे. सपाटीवर चालताना तुमचं वजन गुणिले किलोमीटर, आणि त्याचं निम्मं. ६० किलो वजन, ४ किलोमीटर चाललात, २४०, निम्मे १२०. या जास्तीच्या कॅलरी, बसून जाणाऱ्या आधीच वजा झालेल्या. पळत असाल तर निम्मं करायचं नाही, वजन गुणिले किलोमीटर एवढंच. हा पण अंदाजच आहे पण कुठल्या पायऱ्यांनी आलो ते आपल्याला दिसतं तरी. घड्याळ ४ किलोमीटरला ३५० दाखवत असेल तर मग समजून घ्यायचं.

मशीनमध्ये वजन टाकलं नाही तर काय होतं?

मशीन आपल्या मनाने एक वजन धरून चालतं, अनेकदा ७० किलोच्या आसपास. ५२ किलोच्या ताईंनी तसंच सुरू केलं तर जिथं एकूण १०५ व्हायला हव्या तिथं १४० दिसतात. दहा सेकंदाचं काम आहे, वजन टाका. आणि ते पण आजचं टाका, लग्नातलं नको.

मी १० चा चढ देऊन हँडल धरून चालते, ३३० दाखवतं. चांगलं आहे ना?

हा प्रश्न मी बारीक करून सांगते कारण सगळ्यात जास्त गडबड इथंच होते.

वरचं समीकरण १० टक्के चढाला लावलं तर ७० किलोला अर्ध्या तासात खरंच ३३० येतात, सपाटीच्या दुप्पट नाही, त्याहून जास्त. मशीनचं गणित चुकलेलं नसतं. पण ते गणित असं धरतं की तुम्ही स्वतःचं अख्खं वजन स्वतःच्या पायांनी वर उचलताय. हँडल धरून मागं रेललात की काय होतं, शरीर पट्ट्याला काटकोनात येतं, म्हणजे तुमच्यासाठी तो चढ राहतच नाही, आणि वजनातला बराचसा भाग हातांवर अन् मशीनच्या सांगाड्यावर जातो. पाय नुसते फिरत राहतात. मशीनला बिचाऱ्याला हे दिसतच नाही, त्याला पट्टा फिरताना दिसतो, ते ३३० लिहून मोकळं होतं.

आमच्याकडे एक काकू वर्षभर अशाच चालायच्या, रोज ३०० च्या वर, आणि वजन तिथंच. मी त्यांना चढ ४ वर आणायला लावला, वेग कमी केला, हात सोडायला लावले. पाच मिनिटांत घाम आणि दम. मशीनवर आकडा निम्म्याच्या जवळ आला म्हणून त्या नाराज झाल्या होत्या, मी म्हटलं काकू हा निम्मा तुमचा स्वतःचा आहे. गुडघा दुखत असेल, तोल जात असेल, चक्कर येत असेल तर हँडल जरूर धरा, पडण्यापेक्षा धरलेलं कधीही बरं, फक्त मग त्या आकड्याकडे बघू नका.

सायकल, क्रॉस ट्रेनर, रोइंग यांचं काय?

सायकलचं त्यातल्या त्यात बरं, पण वॅट दाखवणाऱ्या सायकलचं. वॅट म्हणजे तुम्ही पॅडलवर दर सेकंदाला खरंच किती काम केलं ते. आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेतली साधारण २० ते २५ टक्केच कामात आणतात, बाकीची उष्णता होऊन जाते. अर्धा तास १०० वॅटने चालवली तर काम होतं ४३ कॅलरीचं आणि शरीराच्या खर्च होतात १८० च्या आसपास. इथं मोजलेलं काहीतरी हातात असतं म्हणून हा आकडा जवळ जातो. पण ज्या सायकलला फक्त एक गोल बटण फिरवून ब्रेक आवळायचा असतो आणि पॉवर मोजायला सेन्सरच नाही, ती फक्त चाकाचे फेरे मोजते. बटण पूर्ण सैल सोडून भरभर फिरवा, छान मोठा आकडा देईल.

क्रॉस ट्रेनरवर माझा सगळ्यात कमी विश्वास आहे. प्रत्येक कंपनीच्या मशीनची पावलाची लांबी वेगळी, हाताचे दांडे वेगळे, चाकाचा जडपणा वेगळा, चालण्यासारखं एक सर्वमान्य समीकरण त्याला नाही. व्यायाम म्हणून छान आहे, गुडघ्यांना सोपा आहे. आकडा सोडून द्या.

रोइंगमध्ये, म्हणजे बसून वल्हं मारल्यासारखं ओढायचं असतं त्यात, कॉन्सेप्ट टू नावाचं मशीन फार चालतं, त्याचं गणित कंपनीने उघड ठेवलंय, ते ७९ किलोच्या आसपासचा माणूस धरून कॅलरी दाखवतं. वॅट बरोबर मोजतं, पण ५० किलोच्या मुलीला तिचा कॅलरीचा आकडा जास्तच दिसणार.

घड्याळ तर हाताला लावलेलं असतं, ठोके मोजतं, ते तरी खरं सांगत असेल?

ठोके बऱ्यापैकी खरे, कॅलरी नाही.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावरची सात उपकरणं ६० लोकांना घालून तपासली, मास्क लावून खरी मोजणी एका बाजूला आणि घड्याळांचे आकडे दुसऱ्या बाजूला. सातपैकी सहा घड्याळांचे हृदयाचे ठोके ५ टक्क्यांच्या आत बरोबर निघाले. आणि कॅलरीत सगळ्यात चांगलं निघालं ते सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. नंतर नवनवी घड्याळं आली, सेन्सर सुधारले, पण मूळ अडचण तीच आहे की ठोक्यांवरून कॅलरी काढायला मध्ये एक अंदाज घालावाच लागतो. दोन बहिणी, वय एक, वजन एक, दोघींचे ठोके १३० आहेत. एक रोज चालणारी आहे, तिचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, ती त्या १३० वर दुसरीपेक्षा बरंच जास्त काम करत असते. घड्याळाला ठोका दिसतो, त्या ठोक्यात रक्त किती गेलं ते दिसत नाही.

छातीला बांधायचा पट्टा ठोके आणखी चांगले पकडतो, कारण तो हृदयाचे विजेचे इशारे वाचतो. पण पुढचा कॅलरीचा अंदाज तो पण अंदाजच.

उन्हाळ्यात माझ्या कॅलरी जास्त जळतात का? मे महिन्यात घड्याळ खूप दाखवतं.

हा खास आपल्याकडचा प्रश्न आहे आणि मला याची खरोखर काळजी वाटते.

जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो हे काय सांगायला नको. अशा उकाड्यात चाललं की शरीर स्वतःला थंड ठेवायला कातडीकडे रक्त पाठवतं, घामातून पाणी जातं म्हणून रक्तातलं पाणी कमी होतं, दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं, मग हृदय ती कसर भरून काढायला जोरात धडधडतं. वेग तोच, अंतर तेच, आणि ठोके दहा-पंधराने वर. घड्याळाला वाटतं बाई आज जोरात पळतेय, ते कॅलरी वाढवून दाखवतं. खरं तर स्नायूंनी काम जवळपास तेवढंच केलेलं असतं. जास्तीचे ठोके हा उन्हाचा ताण असतो.

आणि लोक यालाच फायदा समजतात! कोणी अकरा वाजता चालायला निघतं, कोणी प्लॅस्टिकचं जॅकेट घालतं, कोणी पोटाला घामाचा बेल्ट बांधतं. एक लिटर घाम गेला की काट्यावर एक किलो कमी दिसतं आणि दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं, चरबीचा त्याच्याशी काही संबंध नाही. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणारे आपले लोक रात्री अन् पहाटे चालतात, दुपारी सावलीत थांबतात, ते किती शहाणपणाचं आहे बघा. उन्हाळ्यात घड्याळात ठोके जास्त दिसले तर वेग कमी करा, सावलीत जा, पाणी प्या. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, घाम येणं थांबलं, बोलणं गोंधळायला लागलं तर चालणं लगेच थांबवून डॉक्टरकडे, उन्हाचा झटका थट्टेची गोष्ट नाही.

आईच्या हातावर घड्याळ चालतच नाही, ठोके येतच नाहीत. खराब आहे का?

आधी बघा हातावर गोंदण आहे का. घड्याळाच्या खाली जो हिरवा प्रकाश लुकलुकतो तो कातडीत जाऊन परत येतो आणि त्यावरून रक्ताची लाट मोजली जाते. गोंदणाची शाई तो प्रकाश अडवू शकते. आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या मनगटावर, हातावर भरगच्च गोंदण असतं, माझ्या आईच्या पण आहे. दुसऱ्या हाताला लावून बघा नाहीतर गोंदण सोडून जरा वर. बांगड्यांच्या गर्दीत घड्याळ सैल पडतं, तेही एक कारण. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, घट्ट पण रुतणार नाही असं.

बीपीची गोळी सुरू आहे, घड्याळ कॅलरी फारच कमी दाखवतं.

काही गोळ्या, म्हणजे मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल वगैरे, ठोके वाढूच देत नाहीत, तेच त्यांचं काम आहे. तुम्ही दमेस्तोवर चाललात तरी ठोके खालीच राहतात आणि घड्याळ म्हणतं काहीच केलं नाही. तुमचा व्यायाम वाया गेलेला नाही. ठोक्यांचं टार्गेट गाठायला जास्त जोर लावू नका आणि गोळी तर अजिबात बंद करू नका, व्यायाम किती करायचा ते डॉक्टरांना विचारा.

उलटं पण होतं. ताप, टेन्शन, रात्री झोप नाही, सकाळी दोन कप कडक चहा, यात ठोके वाढलेले असतात आणि घड्याळ त्याच्या पण कॅलरी लावतं.

रात्री ॲप म्हणतं आज १९०० जळाल्या. मी तर फक्त अर्धा तास चालले!

त्यातल्या बहुतेक तुमच्या श्वास घेण्याच्या, हृदय चालण्याच्या, शरीर गरम ठेवण्याच्या आहेत. काही ॲप एकूण दाखवतात, काही फक्त हालचालीच्या वेगळ्या दाखवतात, आणि बऱ्याच जणी एकीचं एकूण अन् दुसरीचं हालचालीचं अशी तुलना करून उगाच वाईट वाटून घेतात. सेटिंगमध्ये बघा कुठला आकडा आहे तो.

हा पायाभूत आकडा पण फॉर्म्युल्यातूनच येतो. १९९० चं मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं समीकरण फार वापरतात, वजन, उंची, वय टाकलं की झालं. ४० वर्षांच्या, ५५ किलोच्या, १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईला ते ११३९ देतं. ते बनवलं अमेरिकेतल्या लोकांवरून. तिकडच्या समीकरणांमध्ये आपल्या भारतीय माणसांची विश्रांतीतली ऊर्जा जास्त दाखवली जाते असं अनेक तपासण्यांत दिसलंय, आपल्यात तेवढ्याच वजनात स्नायू कमी अन् चरबी जास्त असते हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात. म्हणून आपल्या आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला १६६० आणि ६५ किलोच्या माणसाला २११० कॅलरी पुरतात असं २०२० मध्ये सांगितलं. तुमचं ॲप तुम्हाला २३०० सांगत असेल तर हे आठवा.

घड्याळाने ५०० दाखवल्या, मग तेवढं खाल्लं तर चालेल ना?

नाही. एकदा नाही, दहादा नाही.

मी हे एवढं जोर देऊन सांगते कारण आमच्या रविवारच्या ग्रुपमधल्या एका काकांचं असं झालं. शुगर आहे, माणूस नेमाने चालणारा. थंडीत शेतात भरीत पार्टी होती, त्या दिवशी मुद्दाम जास्त चालले, घड्याळात ६०० आल्या, म्हणाले आज मोकळीक. भरीत, कळण्याच्या पुऱ्या, वरून पुन्हा तेलाची धार, मग दुसऱ्या दिवशी कोणाकडे वरण-बट्टी. असं हिवाळाभर चाललं आणि तीन महिन्यांची शुगर वाढून आली. ते मला म्हणाले मी तर घड्याळाचा हिशोब पाळला होता. त्यांनी खरंच प्रामाणिकपणे पाळला होता हो, त्यांची काय चूक.

हिशोब मांडून बघा. ६०० मधल्या समजा १५० बसून जाणाऱ्याच होत्या. राहिल्या ४५०. घड्याळ ३० टक्के वाढवून सांगत असेल तर राहिल्या साडेतीनशेच्या आत. आता ताटाकडे या. तूप अन् तेल म्हणजे ग्रॅमला ९ कॅलरी, एक मोठा चमचा १५ ग्रॅमचा धरला तर १३५. बट्टी कुस्करून त्यावर दोन-तीन चमचे तूप पडतंच, वाढणाऱ्याचा हात आपल्याकडे कुठे थांबतो, आग्रह हीच पद्धत. म्हणजे नुसत्या तुपातच सगळं चालणं फिटलं, बट्टी, वरण, वांग्याची भाजी अजून मोजलीच नाही. आणि ताटातल्या कॅलरीचा आपला अंदाज बहुतेक वेळा कमीच असतो. एका बाजूला खर्च वाढवून दिसतो आणि दुसऱ्या बाजूला जमा कमी दिसते, दोन्ही चुका एकाच दिशेला जातात.

भरीत खाऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही, भरीत सोडून खान्देशात राहायचं कशाला. चांगलं वांगं भाजलेलं असेल तर मनापासून खा. फक्त ते घड्याळाच्या परवानगीने खाऊ नका, आणि शुगर असेल तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने खा.

रोज २०० जाळते, महिन्यात ६००० झाल्या, पाऊण किलो तरी उतरायला हवं होतं.

कागदावर हो, एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी धरतात. पण शरीर वहीसारखं वागत नाही. व्यायाम वाढला की भूक वाढते, आणि बाकीच्या वेळी आपण नकळत कमी हलतो, सकाळी चाललो म्हणून दुपारी आडवे होतो, जिना सोडून लिफ्ट घेतो. टांझानियात हाडझा नावाचे लोक आहेत, शिकार करून, कंदमुळं खणून जगतात, दिवसभर पायी. शास्त्रज्ञांनी त्या जड पाण्याच्या पद्धतीने त्यांचा दिवसाचा खर्च मोजला, २०१२ मध्ये ते छापून आलं, तर शरीराच्या आकाराचा हिशोब धरून तो अमेरिका-युरोपातल्या बैठ्या लोकांइतकाच निघाला. म्हणजे शरीर कुठंतरी काटकसर करतं. यावर अजून संशोधन चालू आहे, पण चालण्याची प्रत्येक कॅलरी वजनातून वजा होते असं मात्र नाही.

शेतातलं काम, घरकाम घड्याळ धरतं का?

अर्धवट धरतं. मनगट हललं की त्याला पावलं वाटतात. माझी वहिनी चोपड्याकडे असते, कापूस वेचताना बँड होता तर दोन्ही हात सारखे चालू म्हणून पावलं भराभर वाढली, पण कमरेच्या झोळीत वजन वाढत होतं, वाकून कंबर दुखत होती, ते कुठंच नोंदलं नाही. उलट डोक्यावर हंडा धरून चाललात, हात वर स्थिर, तर खरी पावलं पण सुटू शकतात. खराब रस्त्यावर मोटरसायकलवरून गेलात तर धक्क्यांनी फुकटची पावलं मिळतात. ज्या बायका दिवसभर शेतात असतात त्यांनी बँडने कमी दाखवलं म्हणून संध्याकाळी परत तासभर चालायला जायची काही गरज नाही, त्यांना झोप अन् नीट जेवण जास्त गरजेचं आहे.

योगा आणि वजन उचलणं, यात फारच कमी दिसतं.

योगासनं म्हणजे विश्रांतीच्या अडीच पट, सूर्यनमस्कार सव्वातीन पट असे आकडे शारीरिक हालचालींच्या यादीत दिलेत, सपाटीवरचं जोरात चालणं साधारण चार पट. म्हणून कमी दिसणारच, आणि ते बहुतेक बरोबर आहे. वजन उचलताना गंमत वेगळी, ठोके वाढतात ते श्वास धरल्यामुळे अन् ताणामुळे पण, ऑक्सिजनचा खर्च त्या मानाने वाढत नाही, म्हणून ठोक्यांवरून काढलेला आकडा इथं भरकटतो. पण पन्नाशीनंतर हाडं अन् स्नायू टिकवायला वजन उचलण्यासारखं काही नाही. कॅलरी बघून ते सोडू नका, प्लीज.

एका जिमने "एका तासात १००० कॅलरी" लिहिलंय. होतं का असं?

मी स्वतः सुरुवातीला जिथं काम करायचे तिथं पण असाच बोर्ड होता आणि मला तो लोकांना समजावून सांगावा लागायचा, त्याचं अजून वाईट वाटतं. ६० किलोच्या माणसाने तासात १००० जाळायच्या तर त्याला तासाला साडेपंधरा किलोमीटरच्या वेगाने, न थांबता, पूर्ण तास पळावं लागेल. तुमच्या ओळखीत असं कोण आहे ते आठवून बघा.

दहा हजार पावलं कुठून आली?

१९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचा मापक. तिथून तो आकडा जगभर पसरला. सहा-सात हजार झाली तर दिवस वाया गेला असं समजू नका.

मग त्या आकड्याचा काहीच उपयोग नाही?

आहे ना. तुमचा तुमच्याशी. तेच घड्याळ, त्याच हाताला, तोच रस्ता, तोच वेळ. मागच्या महिन्यात १८० यायच्या आणि आता २२० येतात तर तुम्ही वाढवलंय हे नक्की, १८० खरे होते का हा प्रश्न तिथं येतच नाही. फक्त मध्येच घड्याळ बदललं नाहीतर ॲपचं अपडेट आलं तर तुलना तुटते, दोन कंपन्यांची गणितं वेगळी असतात.

मी स्वतः बॅचमध्ये कॅलरी लिहीतच नाही. आमच्या वहीत असतं किती मिनिटं, किती अंतर, आणि त्याच वेगाला ठोके किती. तलावाची तीच फेरी त्याच वेळात मारताना जानेवारीत ठोके १३५ होते अन् मार्चमध्ये १२२ आले तर हृदय सुधारलं. सकाळी उठल्या उठल्या ठोके किती, महिन्यातून एकदा बेंबीवरून कंबर किती, हे पण. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि मध्यम म्हणजे काय तर चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. याला घड्याळ पण लागत नाही.

शुगर आहे, घड्याळाने ठरवलेला आकडा पूर्ण झाला नाही तर अजून चालू का?

इन्सुलिन घेत असाल किंवा शुगर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या असतील तर नाही, आकडा पूर्ण करायला उपाशीपोटी चालणं वाढवू नका. हात थरथरणं, घाम फुटणं, छातीत धडधड, डोळ्यापुढं अंधारी, एकदम भूक, यातलं काही झालं की तिथंच बसायचं. शक्य असेल तर शुगर तपासायची, आणि तपासायला काही नसेल तर थांबून न राहता तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, बरं नाही वाटलं तर परत तेवढंच घ्यायचं. त्यानंतर काहीतरी खायचं अन् डॉक्टरांना फोन. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

रविवारच्या ग्रुपमध्ये मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की खिशात ग्लुकोजची पुडी आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी पाहिजे. ज्या काकूंच्या साडीला खिसा नसतो त्यांच्यासाठी आमच्यातल्या एकीने कमरेला बांधायच्या छोट्या कापडी पिशव्या शिवून आणल्या, कोणाला हवी असेल तर सकाळी सहाला तलावावर या, दोन-तीन अजून शिल्लक आहेत.